समुपदेशक हवेत, मग ते शिकणार कुठे?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. बालविकास आणि समुपदेशन हे माझे शिकवण्याचे मुख्य विषय. बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागात पालकांची ये-जा सुरू होते. मुलगी सायकॉलॉजी घ्यायचे म्हणते आहे, तर खर्च किती येईल, किती वर्षे शिकावे लागेल आणि शेवटी नोकरी लागेल का, एवढेच त्यांना विचारायचे असते. शेतकरी, एसटीतले वाहक, किराणा दुकानदार, आशा कार्यकर्त्या अशी ही माणसे. त्यांना छातीठोकपणे सांगावे असे उत्तर आज माझ्याकडे नाही. ते तयार करणे माझ्यापेक्षा आपल्या हातात अधिक आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. उघडपणे लिहीत आहे, कारण ते पालकांनीही वाचावे असे मला वाटते.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये या विषयाशी संबंधित दोन मोठ्या गोष्टी घडल्या. २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. तपास सीबीआयकडे सोपवतानाच न्यायालयाने देशभरातल्या शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यांतली एक अशी की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. शंभरपेक्षा कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा निर्णय जाहीर झाला. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यांत मानसशास्त्र आले, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत. आधी प्रवेश घेतलेल्यांना शिक्षण पूर्ण करता येईल, नवे प्रवेश बंद.

म्हणजे प्रशिक्षित माणसांची गरज एका निकालाने कित्येक पटींनी वाढली आणि अशी माणसे घडण्याची सर्वांत स्वस्त वाट त्याच पावसाळ्यात बंद झाली. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. शंभर मुलांच्या शाळेत सात मुले. करोनाच्या आधीचा हा आकडा आहे.

अनुदान आयोगाच्या निर्णयाविरुद्ध मी तक्रार करणार आहे असे कृपया समजू नये. मूल समजून घेण्याचे काम पोस्टाने आलेल्या पुस्तकांवरून शिकता येत नाही, हे मला मान्य आहे. एक प्रसंग सांगते. आमच्या एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलाची बुद्धिमापन चाचणी घेत होती. लाल-पांढरे ठोकळे मांडून कार्डावरची नक्षी जुळवायची, असा त्या चाचणीचा एक भाग असतो. मुलाने दोन ठोकळे ठेवले आणि मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती नकळत हसली. त्याने तिसरा ठोकळा ठेवला, पुन्हा वर पाहिले. या वेळी तिच्या कपाळावर किंचित आठी होती, कारण ठोकळा चुकला होता. त्याने तो लगेच उचलला. नक्षी वेळेत पूर्ण झाली आणि गुण मिळाले.

मी मागच्या बाकावर बसून पाहत होते. नंतर तिला विचारले, त्याने कार्डाकडे किती वेळा पाहिले? तिला सांगता येईना. मुलगा कार्ड वाचतच नव्हता, तो तिचा चेहरा वाचत होता. वर्गात बाईंच्या तोंडाकडे बघून उत्तर बदलायची त्याला सवय लागलेली होती आणि शाळेने त्याला आमच्याकडे पाठवले होते ते 'तोंडी येते, पेपरात काहीच लिहीत नाही' म्हणून. त्याच्या अडचणीचा धागा त्या ठोकळ्यांपाशीच हाती आला होता, आणि ती तेव्हा स्टॉपवॉचमध्ये अडकली होती. दुसऱ्या मुलाच्या वेळी तिने चेहरा स्थिर ठेवला, नजर नोंदपत्रावर ठेवली आणि गुणांच्या रकान्याशेजारी मूल कुठून सुरुवात करते, कुठे अडते, मदत कशी मागते हे लिहीत गेली. समुपदेशनाच्या शिक्षणातली ही खरी कमाई. ती मिळायला शेजारी कुणीतरी अनुभवी माणूस बसलेले लागते आणि तेही एकदा नव्हे, दोन वर्षे सतत.

तेव्हा वर्गात, मुलांसोबत, देखरेखीखाली शिकले पाहिजे हा आग्रह योग्यच आहे. माझे म्हणणे पुढचे आहे. दूरस्थ शिक्षण बंद करताना त्या वाटेने कोण येत होते, याचा विचार झाला नाही आणि त्यांच्यासाठी दुसरी वाट काढली गेली नाही.

कोण येत होते ते मला माहीत आहे, कारण त्यांतल्या अनेकजणी प्रकल्पासाठी मार्गदर्शन मागायला आमच्याकडे येत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शके आणि दोन वर्षांचे शुल्क वीस हजारांच्या आतबाहेर होते. येणाऱ्यांत जिल्हा परिषदेच्या शिक्षिका असत, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका असत, ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका असत, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या गृहिणी असत. एक शिक्षिका मला चांगली आठवते. तिच्या चौथीच्या वर्गात तीन मुले अशी होती की, ती बोलायला चुणचुणीत पण त्यांना एक ओळ सलग वाचता येत नव्हती. ती आळशी आहेत असे सगळे म्हणत, तिला ते पटत नव्हते. एवढ्या एका शंकेपायी तिने चाळिशीत पुन्हा शिकायला घेतले. रात्री स्वयंपाक आटोपला की ती अभ्यासाला बसायची. इंग्रजी पाठ्यपुस्तकातले एकेक पान ती मराठीत वहीत उतरवून घेत असे. आज ती दोन तालुक्यांतल्या शिक्षकांना अध्ययन अक्षमता कशी ओळखायची हे समजावून सांगते, आणि तिच्याकडून आलेल्या मुलांची नोंद नेमकी असते. अशा बाईला नोकरी सोडून दोन वर्षे पुण्यात राहा असे सांगणे म्हणजे तू शिकू नकोस असे सांगणे आहे.

आता नियमित शिक्षणाचा खर्च पाहू. अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायला वर्षाला काही हजार रुपये लागतात. इथपर्यंत ठीक आहे. खरी अडचण एम.ए.ला सुरू होते. बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर मानसशास्त्राची तुकडी विनाअनुदानित असते. शुल्क अनेक पटींनी वाढते आणि शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावरचे असतात. ज्यांचे स्वतःचे पोट महिन्याच्या तासांवर अवलंबून आहे, त्यांनी मुलामागे बसून देखरेख करावी ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? खासगी विद्यापीठांतले शुल्क वर्षाला लाखांच्या घरात जाते. तिथे प्रयोगशाळा चांगल्या असतात, चाचण्यांचे संच असतात, रुग्णालयांशी करार असतात. ते शिक्षण वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिथून शिकून आलेली मुलगी परांड्याच्या किंवा धडगावच्या शाळेत समुपदेशक म्हणून जाणार नाही, एवढेच म्हणते. आणि तिने का जावे, तिच्या डोक्यावर कर्ज असते.

शुल्काइतकाच राहण्याचा खर्च जड जातो. पुण्यात शिकायला गेलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मला तिची हिशेबाची वही दाखवली होती. चौघींच्या खोलीत कॉट बेसिसवर साडेचार हजार. मेस तीन हजार दोनशे, त्यात रविवारची रात्र बंद. बसचा पास, मोबाइलचा रिचार्ज. एका ओळीत 'झेरॉक्स' असे लिहून पुढे वेगवेगळे आकडे: विकासात्मक मानसशास्त्राचे मूळ इंग्रजी पुस्तक विकत घेणे परवडत नाही म्हणून त्यातली प्रकरणे, आणि प्रात्यक्षिकासाठी चाचण्यांच्या उत्तरपत्रिका. सगळे मिळून महिना दहा हजारांच्या आसपास. घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन. ज्या महिन्यात घरून पैसे आले नाहीत त्या महिन्याच्या पानावर मेसच्या पुढे रेघ मारलेली होती. दुपारी ती काय खात होती हे मी विचारले नाही. स्वाधार आणि आधार यांसारख्या, राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणाऱ्या योजना ज्यांना लागू होतात त्यांना त्यांचा मोठाच हातभार लागतो, हे मी पाहिले आहे. ही मुलगी कुठल्याच योजनेत बसत नव्हती.

इथे आपल्या विभागाच्या एका चांगल्या निर्णयाचा उल्लेख करायला हवा. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अभियांत्रिकीला, औषधनिर्माणशास्त्राला गेलेल्या आमच्या गावातल्या मुलींना त्याचा किती फायदा झाला ते मी पाहते आहे. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या प्रवेशांना आहे, आणि मानसशास्त्राचे किंवा मानवविकासाचे एम.ए., एम.एस्सी. त्या प्रक्रियेतून होत नाही. शासनाच्या लेखी तो पारंपरिक अभ्यासक्रम आहे. केंद्राचा कायदा मात्र मानसशास्त्रज्ञाला आरोग्यसेवेतला व्यावसायिक मानतो, आणि त्याच कारणाने दूरस्थ शिक्षण बंद झाले. निर्बंध लावताना हे शिक्षण व्यावसायिक आणि सवलत देताना पारंपरिक, असे दोन न्याय एकाच मुलीला लागू होत आहेत. ही विसंगती दूर करायला एक शासन निर्णय पुरेल. एवढी एक गोष्ट जरी झाली तरी या पत्राचे बरेचसे काम होईल.

पालकांचा दुसरा प्रश्न वर्षांचा. तीन वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांचे एम.ए., किंवा चार वर्षांची पदवी आणि मग एका वर्षाचे एम.ए. इतके झाले की मुलगी समुपदेशक म्हणून काम करू शकते, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. हे अनेकींना एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी कळते, याला आम्ही शिक्षकही जबाबदार आहोत आणि प्रवेशाच्या वेळी सर्रास छापली जाणारी माहितीपत्रकेही. आजवर ही वाट दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात होती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. बंद झाले. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि त्याची जागा आता नव्या रचनेचे अभ्यासक्रम घेत आहेत. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त संस्था मोजक्या, प्रत्येक ठिकाणी जागा थोड्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या मोठ्या शहरांत. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलीने यासाठी कोणत्या सार्वजनिक संस्थेत जावे याची एक स्पष्ट यादी आपल्या विभागाने दरवर्षी मे महिन्यात, मराठीत, प्रसिद्ध करावी. याला पैसा लागत नाही.

शिक्षणाच्या दर्जाबद्दल मी अधिक बोलेन, कारण त्याची चर्चा फारशी कुठे होत नाही. वर मी ज्या चाचणीचा उल्लेख केला, ती डॉ. मॅलिन यांनी नागपुरात काम करताना वेश्लर चाचणीवरून भारतीय मुलांसाठी तयार केली. साल १९६९. त्याही आधी व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली आला. बाळांच्या वाढीचे मोजमाप करण्यासाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर काम करून विकासमापनाची श्रेणी दिली. ही तिन्ही कामे मोठी आहेत. परदेशी चाचणी जशीच्या तशी लावणे म्हणजे आपल्या मुलांवर अन्याय, हे या माणसांनी ओळखले आणि वर्षानुवर्षे मुलांसमोर बसून मानके तयार केली. दुःख याचे की, आजही रुग्णालयांत आणि शाळांत मराठी मुलांची बुद्धी बऱ्याच अंशी याच जुन्या मानकांवर मोजली जाते. ज्या मुलांवरून ती मानके ठरली त्यांची आता नातवंडे शाळेत आहेत. शब्दसंग्रह बदलला, घरातल्या वस्तू बदलल्या, मुलांच्या हातात मोबाइल आले. नवे परदेशी संच लाखाच्या घरात जातात, आमच्यासारखी महाविद्यालये ते घेऊ शकत नाहीत आणि घेतले तरी धारणीच्या कोरकू मुलाला किंवा तळोद्याच्या भिल्ल मुलाला ते किती लागू पडतील हा प्रश्न उरतोच.

आणि या मोजमापावर पुष्कळ काही ठरते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळायचा तर प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला चाचणी लागते, चाचणीला शिकलेला माणूस लागतो. बालन्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असेल तर त्याची मानसिक क्षमता तपासायची असते आणि त्यासाठी बालन्याय मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकते. त्या मुलावर प्रौढासारखा खटला चालेल की नाही, हे ठरताना समोर येणारा अहवाल कुणीतरी आमच्याच वर्गातून शिकून गेलेली व्यक्ती लिहिते. तिने शिकताना किती मुलांसमोर बसून काम केले होते, हे आज कुणी विचारत नाही.

नव्या अभ्यासक्रमात एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आले आहे, मुले त्याला ओजेटी म्हणतात. तत्त्व उत्तम आहे. पण तालुक्याच्या गावी प्रशिक्षण द्यायला कोणी नसते, म्हणून ओळखीच्या शाळेकडून शिक्क्यानिशी प्रमाणपत्र आणले जाते आणि श्रेयांक भरले जातात. वास्तविक जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे काम करणारी यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विकासात मागे पडलेली बाळे येतात. बाल संरक्षण कक्ष आहे, बालगृहे आहेत, जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. विद्यापीठाचा विभाग आणि ही केंद्रे यांच्यात करार झाला, विद्यार्थिनी आठवड्यातले दोन दिवस तिथे ठरवून गेल्या आणि देखरेखीचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले गेले, तर ओजेटीचे चार श्रेयांक खरे होतील. हा करार करण्याचे अधिकार एकट्या प्राचार्यांकडे नसतात. आरोग्य, महिला व बालविकास, शालेय शिक्षण आणि उच्च शिक्षण या चार खात्यांची सही लागते. ती चार खाती एका टेबलावर आणणे मंत्र्यांनाच शक्य आहे.

आता पालकांचा तिसरा प्रश्न, नोकरीचा. हे लिहिताना मला सर्वांत जास्त संकोच होतो. शहरातल्या मोठ्या शाळांत समुपदेशकाची नोकरी मिळते. स्वयंसेवी संस्थांत काम पुष्कळ आणि पगार प्रकल्प चालेल तोवर. शासकीय बाजूला मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या समुपदेशकाचे मासिक मानधन १८,५३६ रुपये धरलेले आहे, आणि पद कंत्राटी. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाला पहिल्यांदा बोलते करणे, पळून आलेल्या मुलीच्या घरी जाऊन तिला परत पाठवणे सुरक्षित आहे का हे ठरवणे, हे तिचे काम. पाच वर्षे शिकून ती हे काम पत्करते. दोन वर्षांत बहुतेकजणी थकून सोडतात आणि बँकेच्या किंवा तलाठीच्या परीक्षेला बसतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या मुलांशी त्यांचे नाते जुळलेले असते, त्या मुलांना मात्र दर वेळी नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळे सांगावे लागते.

ही पोकळी रिकामी राहत नाही. शनिवार-रविवारच्या वर्गांतून, काही आठवड्यांत 'सर्टिफाइड चाइल्ड कौन्सेलर' करून देणारी दुकाने गावोगाव निघाली आहेत. शुल्क एम.ए.च्या वर्षभराच्या शुल्काहून अधिक, आणि मुलांशी प्रत्यक्ष काम शून्य. न्यायालयाच्या सूचनेनंतर शाळांना कागदावर नाव दाखवायची घाई होणार, तेव्हा ही प्रमाणपत्रे धडाधड खपतील. दुसरीकडे, जिथे तेही मिळणार नाही तिथे 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागेल आणि कार्यभार आधीच निवडणूक, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरण्याने वाकलेल्या एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडेल. नववीतली मुलगी त्या कक्षाच्या दाराशी येऊन परत जाईल.

हे घडू नये यासाठी महाराष्ट्राला बाहेरचा आदर्श शोधावा लागत नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे शहरातला नावलौकिक सोडून त्या बोर्डीला आणि मग कोसबादच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ १९४५ पासून त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, पाने, शंख, बिया हेच साहित्य करायचे, आणि शिकवणाऱ्या बायका तिथल्याच परिसरात घडवायच्या. अंगणवाडीची कल्पना तिथे रुजली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा हेच नाव देशभर गेले. त्या दोघींनी शिक्षण मुलांच्या जवळ नेले, तसेच शिक्षकांचे शिक्षणही मुलांच्या जवळ नेले. आज कोसबाद ज्या जिल्ह्यात आहे त्या पालघर जिल्ह्यातल्या मुलीला बालविकासाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायला मुंबई गाठावी लागते. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन यांसारख्या संस्थांनी मानवविकासाचे शिक्षण दीर्घकाळ निष्ठेने सांभाळले आहे. त्यांचा अनुभव हाताशी आहे, तो जिल्ह्यांत कसा नेता येईल हे त्यांनाच विचारावे.

माझ्या मागण्या मी वर जागोजागी केल्याच आहेत. राहिलेल्या दोन इथे लिहिते. नोकरीतल्या शिक्षिका, पर्यवेक्षिका आणि परिचारिकांसाठी उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्या आणि आठवडाअखेर मिळून तीन वर्षांत पूर्ण होईल असा, पण पूर्णपणे प्रत्यक्ष वर्गात चालणारा अभ्यासक्रम राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांनी तयार करावा आणि आपण तो अनुदान आयोगाकडून मान्य करून घ्यावा. दूरस्थ नको हा नियम मोडावा लागणार नाही, आणि ज्या बाईच्या वर्गात ती मुले रोज बसतात तिलाच शिकता येईल.

दुसरी मागणी पदांची. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ समुपदेशक लगेच मिळणार नाही हे मला समजते. आपल्या हजारो शाळांचा पट वीसच्याही आत आहे. पण जिल्हा परिषद शाळांची केंद्रे आहेत, राज्यात जवळपास पाच हजार, प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुखाचे पद आहे. तसा केंद्राला एक समुपदेशक, मंजूर पदावर, वेतनश्रेणीवर. तो आठवड्याचा एक दिवस ठरवून एकेका शाळेत जाईल. न्यायालयाने छोट्या शाळांसाठी सांगितलेली जोडणी यातून होते. हे पद शालेय शिक्षण विभागाचे, हे मला ठाऊक आहे. पण पद निर्माण होणार आहे हे दिसल्याशिवाय कुठलेच महाविद्यालय अनुदानित तुकडी मागणार नाही आणि कुठलाच बाप दोन वर्षांचा खर्च करणार नाही, म्हणून ते आपल्यालाच सांगते आहे. सुरुवात पाच जिल्ह्यांतून करावी. नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव त्यांत असावेत, अशी माझी सूचना आहे.

शासनाने सांगितले तर अशा तुकडीचा अभ्यासक्रम, देखरेखीच्या तासांचा हिशेब आणि जिल्हा रुग्णालयाशी करायच्या कराराचा मसुदा आम्ही काही शिक्षक मिळून महिनाभरात देऊ. त्याचे बरेचसे काम झालेले आहे. आमच्या महाविद्यालयात दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. पुढच्या जूनच्या प्रवेशांसाठी मान्यता हवी असेल तर निर्णय दिवाळीच्या आसपास व्हायला हवा, त्यानंतर विद्यापीठाच्या प्रक्रियेत वर्ष निघून जाते.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका